शौलाचा पौल झाला म्हणजे नक्की काय झालं?

घोड्यावरून जाणारा एक माणूस, आकाशातून लख्ख प्रकाश, आवाज, माणूस खाली, डोळे गेले, आणि उठला तो वेगळाच माणूस होऊन, नावही बदललेलं. संत पौलाची स्टोरी बहुतेकांना एवढीच माहीत असते. यातला घोडा बायबलमध्ये कुठेच नाही, तो चित्रकारांनी आणला. काराव्हाज्जोने १६०१ च्या सुमारास काढलेलं प्रसिद्ध चित्र बघा, अर्ध्याहून जास्त जागा घोड्यानेच खाल्लीय. नावही त्या दिवशी बदललं नाही. शौल हे ज्यू नाव, पौल हे रोमन, आणि दोन्ही नावं एकाच माणसाची. ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ असा उल्लेख येतो तो पुढे सायप्रस बेटावर, दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवरच्या त्या प्रकाशाच्या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि त्याने ‘ख्रिश्चन धर्म स्वीकारला’ म्हणावं तर तेव्हा असा वेगळा धर्मच उभा राहिलेला नव्हता, पौल स्वतःच्या पत्रांमध्ये ख्रिस्ती हा शब्द एकदाही वापरत नाही.

मग झालं काय? हे समजायला आधी हा माणूस चिडला कशावर होता ते बघावं लागतं, आणि मला विचाराल तर खरी इंटरेस्टिंग गोष्ट तीच आहे, प्रकाश वगैरे नंतर.

माहिती येते दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पौलाची स्वतःची पत्रं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, त्याच्या नावावर १३ पत्रं आहेत, त्यातली ७ नक्की त्याचीच यावर अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे: रोमकर, करिंथकरांना दोन, गलतीकर, फिलिप्पैकर, थेस्सलनीकाकरांना पहिलं आणि फिलेमोन. दुसरं म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, जे परंपरेने लूकच्या नावावर आहे आणि पौलाच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. लूक गोष्ट रंगवून सांगतो, पौल स्वतःबद्दल दोन-चार वाक्यांत उरकतो. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे पौलाचं जास्त ऐकायचं, साधा नियम.

तर शौल तार्स शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळचा. ज्यू, बन्यामीन वंशाचा, पंथाने परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्यांतला. लूक सांगतो की धंदा तंबू करण्याचा, जन्माने रोमन नागरिक, आणि शिक्षण यरुशलेममध्ये गमलिएल या मोठ्या गुरूकडे. गंमत अशी की याच गमलिएलने येशूच्या शिष्यांवर सुनावणी चालू असताना सल्ला दिला होता की सोडून द्या यांना, माणसांचं काम असेल तर आपोआप मोडेल आणि देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. शिष्याने गुरूचं अजिबात ऐकलेलं दिसत नाही.

शौल स्वतःबद्दल लिहितो की पूर्वजांच्या परंपरेबद्दल माझ्या वयाच्या पुष्कळांपेक्षा मी जास्त आवेशी होतो, आणि त्याच दमात लिहितो की मी देवाच्या मंडळीचा, म्हणजे येशूला मानणाऱ्यांचा, बेसुमार छळ करत होतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर तो आपला बायोडेटाच देतो, आठव्या दिवशी सुंता, अमुक वंश, तमुक पंथ, आणि आवेशाच्या रकान्यात काय तर ‘मंडळीचा छळ करणारा’. म्हणजे छळ हा त्या आवेशाचा पुरावा. आज आपल्याला हे विचित्र वाटतं पण तेव्हाच्या ज्यू माणसाला पटकन कळलं असतं, कारण या आवेशाची एक ठरलेली परंपरा होती, तिचे हिरो होते.

पहिला हिरो फिनहास. गणना नावाच्या पुस्तकात गोष्ट आहे की इस्राएली लोक परक्या बायकांच्या नादाने परक्या दैवतांना भजायला लागले, देवाचा कोप झाला, साथ पसरली, आणि एक इस्राएली पुरुष सगळ्यांसमोर एका मिद्यानी बाईला घेऊन आला तेव्हा फिनहासने भाला उचलून दोघांना एकत्र भोसकलं. साथ थांबली, तोवर २४,००० मेले होते, आणि फिनहासला बक्षीस म्हणून कायमचं याजकपद. दुसरा एलीया, त्याने बआल देवाच्या संदेष्ट्यांना कापून काढलं. तिसरा मत्तथ्या, हा मात्र इतिहासाच्या उजेडातला. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियुख चौथा या ग्रीक राजाने ज्यू धर्मावर बंदी आणली, गावोगाव परक्या देवांना बळी द्यायला लावले, मोदीन गावात एक ज्यू माणूस बळी द्यायला पुढे आला आणि म्हाताऱ्या मत्तथ्याने त्याला तिथेच वेदीवर मारलं, राजाच्या अधिकाऱ्यालाही मारलं. त्यातून मक्काबी बंड उभं राहिलं, हनुक्का सणाची मुळं त्यातच आहेत. आणि ती गोष्ट लिहिणाऱ्याने स्पष्ट म्हटलंय की याने फिनहाससारखंच केलं.

या तिघांच्या गोष्टींत एक पॅटर्न दिसतो. राग परक्यांवर असतोच, पण भाला आधी उचलला जातो तो आपल्यातल्याच माणसावर, जो कुंपण सैल करतो त्याच्यावर. आणि मागे एक लॉजिक असतं: एकाने नियम मोडला तर कोप सगळ्यांवर येतो, म्हणून त्या एकाला थांबवणं म्हणजे बाकी सगळ्यांना वाचवणं. छळ करणारा स्वतःला क्रूर समजत नाही, तो स्वतःला डॉक्टर समजतो. हे एकदा लक्षात आलं की शौल राक्षस वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तो जास्त भीतीदायक वाटायला लागतो.

आता येशूच्या माणसांचं काय खटकलं? एक तर ते म्हणत होते की क्रूसावर मेलेला माणूस हाच मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा. क्रूस ही रोमन सरकारची गुलाम आणि बंडखोरांसाठीची शिक्षा, आणि ‘अनुवाद’ नावाच्या धर्मग्रंथात लिहिलेलं की खांबावर टांगलेला मनुष्य देवाने शापलेला असतो. शापित माणूस देवाचा अभिषिक्त कसा असेल? पौल पुढे गलतीकरांच्या पत्रात नेमकं हेच वचन घेऊन झगडतो, यावरून हा काटा किती खोल गेला होता ते कळतं. पण नुसतं विचित्र मत असणं हा गुन्हा नव्हता, ज्यू समाजात तेव्हा मतं भरपूर होती, पंथ होते, वाद होते. दुखणं बहुधा तिथे होतं जिथे मंदिर आणि नियमशास्त्र (मोशेने दिलेले ज्यू धर्मनियम) यांची पकड ढिली होताना दिसत होती. स्तेफन नावाच्या येशूच्या अनुयायावरचा आरोपच तो होता, की हा या पवित्र जागेविरुद्ध आणि नियमशास्त्राविरुद्ध बोलतो.

स्तेफन ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंच्या गटातला. त्याला शहराबाहेर नेऊन दगडमार झाली, आणि दगड मारणाऱ्यांनी आपले झगे काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवले, असं लूक लिहितो. शौलाची गोष्टीतली एंट्रीच ही. त्यानंतर म्हणे मोठा छळ उसळला आणि सगळे पांगले, प्रेषित सोडून. हे ‘प्रेषित सोडून’ वाचताना थांबायला हवं, कारण म्होरकेच यरुशलेममध्ये शांतपणे राहू शकले तर छळ सरसकट सगळ्या येशूवाल्यांचा नव्हता, रोख स्तेफनसारख्या ग्रीकभाषिक आणि मंदिराबद्दल सैल बोलणाऱ्या गटावर असावा. अजून एक गुंता आहे, पौल स्वतः लिहितो की यहूदियातल्या मंडळ्या मला चेहऱ्याने ओळखतही नव्हत्या, मग यरुशलेमात घरोघर शिरून बायकापुरुषांना ओढून तुरुंगात टाकणारा माणूस लोकांना माहीत कसा नव्हता, यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा ‘ज्यूंनी केलेला ख्रिश्चनांचा छळ’ नव्हता. मारणारे ज्यू, मार खाणारेही ज्यू, भांडण घरातलं. पुढच्या शतकांत हीच वाक्यं काढून युरोपात ज्यूंना झोडपलं गेलं, म्हणून हा फरक किरकोळ नाही. आणि हा सरकारी छळही नव्हता. राज्य रोमचं होतं, सभास्थानाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, हातात होतं ते म्हणजे चाबकाचे फटके आणि समाजाबाहेर काढणं. मग स्तेफनचं काय म्हणाल तर ते लूकच्याच वर्णनात अर्धी सुनावणी आणि अर्धा जमाव असं दिसतं.

आता दिमिष्क, म्हणजे दमास्कस. यरुशलेमपासून दोनशेहून जास्त किलोमीटर. शौल मुख्य याजकाकडून तिथल्या सभास्थानांसाठी पत्रं घेऊन निघाला की येशूच्या मार्गाचे कोणी सापडले तर बांधून आणतो. वाटेत प्रकाश, आणि आवाज: शौला, शौला, माझा छळ का करतोस? तीन दिवस दिसेना, खाणंपिणं बंद. मग हनन्या नावाचा शिष्य ‘सरळ’ नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात आला, डोक्यावर हात ठेवले, दृष्टी आली, बाप्तिस्मा झाला. तो सरळ रस्ता दमास्कसच्या जुन्या शहरात अजून आहे.

लूक ही गोष्ट एकाच पुस्तकात तीनदा सांगतो, ९व्या, २२व्या आणि २६व्या अध्यायात, आणि दर वेळी थोडी बदलते. एकदा बरोबरचे लोक आवाज ऐकतात पण कोणी दिसत नाही, दुसऱ्यांदा त्यांना प्रकाश दिसतो पण आवाज ऐकू येत नाही, तिसऱ्यांदा हनन्याच गायब आणि येशू एक म्हण ऐकवतो की पराणीवर लाथ मारणं तुला अवघड जाईल. बैलाला टोचायची काठी ती पराणी, गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको.

पौल स्वतः काय म्हणतो? प्रकाश नाही, आंधळेपण नाही, हनन्या नाही. फक्त एवढंच की आईच्या उदरापासून ज्याने मला वेगळं ठेवलं त्या देवाने आपला पुत्र माझ्यात प्रकट केला, कशासाठी तर मी परराष्ट्रीयांमध्ये, म्हणजे ज्यू नसलेल्यांमध्ये, त्याची सुवार्ता सांगावी म्हणून. ‘आईच्या उदरापासून’ ही भाषा यिर्मया आणि यशया या जुन्या संदेष्ट्यांच्या नेमणुकीची आहे. म्हणजे त्याच्या डोक्यात आपण धर्म बदलला असं चित्र नाहीच, त्याच्या मते त्याला जुन्याच देवाकडून नवीन काम मिळालं. स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी विसाव्या शतकात हा मुद्दा जोरात मांडला, आणि त्याबरोबर अजून एक, जो मला जास्त धक्कादायक वाटतो. आपण धरून चालतो की छळ करून करून शौलाचं मन आतून खात असणार, अपराधी वाटत असणार, त्यातून तो कोसळला असणार. पत्रांत तसं काहीच नाही. उलट तो म्हणतो, नियमशास्त्राच्या नीतिमत्त्वाबाबत मी निर्दोष होतो. चांगली झोप लागत होती त्याला! मनाने पोखरलेला माणूस होता तो मार्टिन लूथर, सोळाव्या शतकातला, आणि पुढे लोकांनी लूथरचा चष्मा लावून पौल वाचला. ऊन लागलं असेल, फेफरं आलं असेल असल्या थिअऱ्याही आहेत, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला तपासणार कसं, सोडून द्या.

पश्चात्ताप मात्र नंतर आहे. करिंथकरांना लिहिताना तो स्वतःला प्रेषितांमधला सगळ्यात लहान म्हणतो, प्रेषित म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, कारण छळ केला. म्हणजे आधी अपराधीपणा आणि मग बदल असा क्रम नाही, आधी बदल झाला आणि मग मागे वळून बघताना आपण काय केलं ते दिसलं.

आणि बदल एका रात्रीतही झाला नाही. दिमिष्कनंतर तो अरबस्तानात गेला, म्हणजे त्या वेळचं नबाती राज्य, ज्यांची पेट्रा नगरी आपण फोटोत बघतो. तिथे त्याने नबाती राजा अरीतास याचं काहीतरी बिघडवलं असणार, कारण पुढे त्याच राजाचा अधिकारी दिमिष्कमध्ये त्याला पकडायला टपला होता आणि पौल गावकुसाच्या भिंतीवरून टोपलीत बसून निसटला. हे तो स्वतः सांगतो. हा अरीतास इ.स. ४० च्या सुमारास वारला, त्यामुळे हे सगळं त्याआधीचं, तारखा लावणाऱ्यांना हा खुंटा फार उपयोगी पडतो. तीन वर्षांनी यरुशलेमला गेला, केफाकडे म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याकडे १५ दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब याला भेटला. पुढची मोठी भेट १४ वर्षांनी. लोकांना विश्वास बसायलाही वेळ लागला, लूक म्हणतो की यरुशलेमचे शिष्य त्याला घाबरायचे, बर्णबा नावाच्या शिष्याने मध्ये पडून ओळख करून दिली. साहजिकच आहे, कालपर्यंत पकडून नेणारा आज म्हणतोय मी तुमचाच.

मग बदललं नक्की काय? स्वभाव तर नाही. गलतीकरांचं पत्र वाचा, वेगळी सुवार्ता सांगणारा स्वर्गदूत असला तरी शापित असो म्हणतो, आणि सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांबद्दल लिहितो की एवढी हौस आहे तर त्यांनी स्वतःचं पुरतंच छाटून टाकावं. हे पवित्र शास्त्रात आहे बरं का! आवेश तोच, पेटणं तेच. बदललं ते कुंपण, आत कोण आणि बाहेर कोण. ज्या कुंपणासाठी तो माणसं पकडत होता तेच कुंपण ओलांडून परराष्ट्रीयांना, सुंता न करता, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्या घरात घ्यायचं हेच त्याचं आयुष्याचं काम झालं.

याची सगळ्यात जिवंत जागा म्हणजे अंत्युखिया शहरातलं भांडण. तिथे ज्यू आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत होते, पेत्रही बसायचा. याकोबाकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूच बाजूला सरकला, त्याचं बघून बाकीचे ज्यू सरकले, बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर झापलं. कोण कोणाच्या पंगतीला बसतं यावरून धर्म ठरतो हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा प्रसंग युरोपातल्या वाचकापेक्षा लवकर कळतो असं माझं मत.

आणि दुसरं बदललं ते म्हणजे काठीचं टोक. पौल आपल्यावर काय काय झालं याची यादी देतो: ज्यूंकडून पाच वेळा चाळीस उणे एक असे फटके, म्हणजे ३९, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीनदा जहाज फुटलं. ३९ यासाठी की शास्त्रात ४० ची मर्यादा होती, चुकून जास्त होऊ नये म्हणून एक कमी. पण ही शिक्षा सभास्थानाची, ती त्याच्या सदस्यालाच होते. पौल म्हणू शकला असता की माझा तुमचा संबंध संपला, मग फटके टळले असते. पाच वेळा पाठ पुढे केली म्हणजे तो पाच वेळा तिथे परत गेला. हाच तो माणूस, जो हे फटके दुसऱ्यांना बसावेत म्हणून फिरत होता. रोमकरांना तो आपल्या ज्यू बांधवांबद्दल लिहितो की त्यांना देवाविषयी आवेश आहे पण तो समजुतीचा नाही, आणि हे वाक्य वाचताना तो कोणाबद्दल बोलतोय त्यांच्याबद्दल की तरुणपणीच्या स्वतःबद्दल, हे सांगणं कठीण.

शेवटच्या यरुशलेम भेटीत तर जुना शौलच समोर उभा राहिला जणू. याकोबाच्या सांगण्यावरून पौल मंदिरात शुद्धीकरणाचा विधी करत होता, लोक त्याच्याबद्दल बोलत होते की हा नियमशास्त्र मोडायला शिकवतो, ती बोलणी बंद व्हावीत म्हणून. तेवढ्यात आरोळी उठली की याने परराष्ट्रीयाला आत आणलंय. मंदिराच्या आतल्या कठड्यावर ग्रीक भाषेत पाट्या होत्या की परका आत आला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार, त्यातली एक अख्खी पाटी १८७१ मध्ये सापडली आणि आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. जमाव त्याला मारायलाच निघाला, रोमन शिपायांनी ओढून काढलं. नंतर चाळीसहून जास्त माणसांनी शपथ घेतली की पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी नाही. हे म्हणजे फिनहासच्या तालमीतले गडी. पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानावर हा कट आला आणि मामा वाचला. मग कैसरियात दोन वर्षं कैद, कैसराकडे म्हणजे रोमन सम्राटाकडे अपील, रोम. लूकचं पुस्तक तिथेच थांबतं, परंपरा सांगते की नीरोच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला.

रोमने छळ सुरू केला ती वेगळी जातकुळी. ६४ साली रोमला आग लागली, नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा गव्हर्नर सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की यांचं करायचं काय, सम्राट कळवतो की शोधत फिरू नका, पण समोर आले आणि हटले नाहीत तर शिक्षा करा. २५० मध्ये डेशियसने सगळ्यांना देवांना बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावला, ३०३ मध्ये डायोक्लेशनने चर्च पाडली, ग्रंथ जाळले. ३१३ ला ख्रिस्ती धर्म पाळायची सूट मिळाली, ३८० ला तोच साम्राज्याचा धर्म.

आणि मग पारडं फिरलं. डायोक्लेशनच्या छळात काही पाद्र्यांनी भीतीपोटी ग्रंथ सरकारजमा केले होते, अशांना परत मान द्यायचा का यावरून उत्तर आफ्रिकेत चर्च फुटलं, वेगळे झालेले ते डोनाटिस्ट. त्यांना सरकारी जोरावर परत आणावं का? ऑगस्टीन हा तिथला बिशप, मोठा विचारवंत, सुरुवातीला म्हणायचा जबरदस्ती नको. पुढे मत बदललं, आणि ४१७ च्या सुमारास बोनिफेस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने दाखला कोणाचा द्यावा? पौलाचा. ख्रिस्ताने शौलाला नुसतं बोलावलं नाही, जमिनीवर आपटलं, आंधळं केलं, आधी जबरदस्ती आणि मग शिकवण, मग चर्चने हरवलेल्या लेकरांना जोर लावून आणलं तर काय बिघडलं? छळ सोडणाऱ्या माणसाची गोष्ट, आणि तिच्यातून छळाची परवानगी काढली. हुशार माणूस किती वाकवू शकतो बघा.

जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजची आज फक्त कमान उरलीय, सोळाव्या शतकात धर्मांतराच्या कामाचं ते मोठं केंद्र होतं, नाव याच पौलाचं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. हिंदूंची गाऱ्हाणी आपल्याला माहीत आहेत, पण सुरुवातीच्या आरोपींमध्ये होते पोर्तुगालहून आलेले ‘नवे ख्रिश्चन’, म्हणजे बाप्तिस्मा झालेले ज्यू वंशाचे लोक, आणि त्यांच्यावरचा आरोप हा की बाप्तिस्मा होऊनही हे घरात गुपचूप ज्यू रीतिरिवाज पाळतात. पौल अटक झाली त्या दिवशी मंदिरात तेच करत होता, तेही उघड्यावर.